मरेवरची पॅडल बोट: केबिन पुढची मागा

मुंबईहून ऑस्ट्रेलियाला जाणार असाल, तर मरे नदीवर पॅडल बोटीत, म्हणजे मोठ्या फिरत्या चाकाने पाणी कापत जाणाऱ्या बोटीत, रात्री घालवाच! ॲडलेडजवळच्या मॅनमहून 'मरे प्रिन्सेस' सुटते. तिचं चाक मागच्या टोकाला आहे, म्हणून आवाजही तिकडेच जास्त. त्यामुळे झोप सावध असेल तर बुकिंग करतानाच शक्यतो पुढच्या भागातली केबिन मागा. चाक पाहायला दिवसा मागे जाता येतंच.

मेच्या सुट्टीत तिकडे हिवाळा तोंडावर असतो आणि साडेपाचच्या सुमारास अंधारतं. काठावरचे उंच कडे, पेलिकन, रेड गमची झाडं मनसोक्त बघायची तर दिवाळीची सुट्टी बरी, तेव्हा तिथे वसंत असतो. तरी पहाटेच्या डेकसाठी स्वेटर हवाच. शाकाहारी असाल तर आधीच कळवा. विमान उतरेल त्याच दिवशीची बोट मात्र घेऊ नका.