मिश्र गोठ्यात लाळ्या-खुरकुताची लस कशी द्यावी

इंदूर परिसरात गाई पाळणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांत असा समज आढळतो की माळवी किंवा गीर गाय मुळातच काटक असल्यामुळे लस केवळ होल्स्टीन संकरित गाईंना द्यावी. हा समज आधी सोडावा. संकरित गाईंना तोंडातील व खुरांमधील फोडांचा त्रास बहुधा अधिक तीव्र होतो, हे खरे आहे. परंतु देशी गाईत लक्षणे सौम्य राहिली, तरी तिच्या लाळेतून विषाणू शेजारच्या जनावरापर्यंत पोहोचतोच, आणि बरी झालेली गायही घशात विषाणू कित्येक महिने बाळगू शकते. म्हणून जात न पाहता सर्व निरोगी जनावरांना एकाच वेळी टोचून घ्यावे. ताप असलेल्या किंवा अगदी विण्याच्या बेतात असलेल्या गाईविषयी मात्र पशुवैद्यांना आधी विचारावे.

खरी काळजी वासरांची घ्यावी लागते. जन्मानंतर पहिल्या काही तासांतच वासराला पोटभर चीक पाजावा, कारण चिकातील प्रतिपिंडे (रोगाशी लढणारी प्रथिने) आतड्यातून रक्तात शोषून घेण्याची क्षमता साधारण एका दिवसात संपते. हीच आईकडून आलेली प्रतिपिंडे पुढे लसीला निष्प्रभ करू शकतात. त्यामुळे पहिली मात्रा वयाच्या चौथ्या महिन्यानंतर द्यावी. या लसीतील विषाणू निष्क्रिय केलेला असल्याने तो शरीरात वाढत नाही आणि पहिल्या मात्रेचे संरक्षण लवकर ओसरते. महिन्याभराने दुसरी मात्रा दिली, की स्मृतिपेशी (विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी) जाग्या होऊन प्रतिपिंडांचे प्रमाण बरेच वाढते. ही मात्रा अजिबात चुकवू नये. त्यानंतर दर ६ महिन्यांनी लस द्यावी. आपल्याकडील लसीत ओ, ए आणि आशिया-१ हे विषाणूचे तीन प्रकार असतात, कारण एका प्रकाराविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्यापासून वाचवत नाही.

लसीच्या दोनेक आठवडे आधी जंतनाशक द्यावे. लस २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावी, पण गोठू देऊ नये. माळव्यातील उन्हाळ्यात टोचणी पहाटे उरकावी, कारण उष्णतेच्या ताणाने प्रतिसाद मंदावतो आणि संकरित गाईंना हा ताण अधिक जाणवतो. पुढे दोन-तीन दिवस दूध थोडे घटल्यास घाबरू नये. प्रतिपिंडे पुरेशी तयार होण्यास दोन ते तीन आठवडे लागत असल्याने तोवर जनावरे बाजारात नेऊ नयेत, आणि नवीन विकत घेतलेली गाय वेगळीच बांधावी.