छंदाच्या खर्चाबद्दल जोडीदाराशी कसं बोलायचं

बोलायला बसायच्या आधी एक काम एकट्याने करा. मागच्या १२ महिन्यांचं बँकेचं आणि कार्डाचं स्टेटमेंट काढा आणि छंदावर गेलेला सगळा खर्च एका कागदावर उतरवा. मोठी खरेदी आपल्याला आठवतेच, म्हणून सुरुवात बारीक खर्चापासून करा. मी पक्ष्यांचे फोटो काढते. माझ्या डोक्यात माझा खर्च म्हणजे एक कॅमेरा आणि एक लेन्स, बास. लिहायला बसले तेव्हा बाकीचं एकेक निघायला लागलं, जास्तीच्या बॅटऱ्या, फास्ट मेमरी कार्ड, ट्रायपॉड, त्यावर जड लेन्स फिरवायचं गिंबल हेड, बॅग, एडिटिंग सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन, सेन्सर क्लीनिंग, पहाटे जाण्यायेण्याचं पेट्रोल, आणि हार्ड डिस्क. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्याने न दाबता ठेवलेला मूळ फोटो, साधारण २५ ते ३० एमबीची असते, पक्षी उडत असला की बर्स्टवर, म्हणजे बटण दाबून धरून सलग, हजार-दीड हजार फोटो एका सकाळीच होतात, म्हणजे ३०-४० जीबी, आणि बॅकअप नीट ठेवायचा तर ते सगळं दोन ठिकाणी. हे मी "खर्च" म्हणून कधी मोजलंच नव्हतं.

तुमचा छंद वेगळा असेल पण हे सगळीकडे असंच आहे. सायकल घेतली की हेल्मेट, पंप, टायर, सर्व्हिसिंग आलं, चेन झिजते आणि ती वेळेवर बदलली नाही तर मागचे गिअरचे दाते पण खराब होतात मग दोन्ही बदला. माशांची टाकी एकदाच घेतो आपण पण फिल्टर, हीटर आणि लाईटची वीज रोजची. विणकामात लोकर स्वस्त वाटते पण कपाटात न उघडलेले गुंडे किती आहेत ते मोजा एकदा. हा पूर्ण आकडा तुमच्याकडूनच जोडीदाराला कळला पाहिजे, त्याने शोधून काढला तर मग बोलणं छंदाबद्दल राहत नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. भांडण नेमकं कशावरून होतंय ते ओळखा. खूप वेळा पैसा फक्त वरवरचा असतो. कधी अडचण वेळेची असते, सुट्टीच्या दिवशी पहाटे तुम्ही निघून जाता आणि मुलं, घर सगळं दुसऱ्यावर पडतं. कधी जागेची, अर्धी खोली सामानाने भरलीय. कधी भीती असते, नोकरीचं काही झालं तर काय ही. आणि बऱ्याचदा फक्त एवढंच असतं की मला विचारलं नाही. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. ज्याला वेळ हवाय त्याला तुम्ही स्वस्तातली लेन्स घेतलीत म्हणून काहीच फरक पडत नाही. म्हणून सरळ विचारा, "तुला यातलं सगळ्यात जास्त काय खटकतं, पैसे की मी घरात नसणं?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा, मधेच स्पष्टीकरण देऊ नका.

पैशाच्या बाबतीत दोन माणसं वेगळी असणार हे धरूनच चाला. रिचर्ड थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांची मेंटल अकाउंटिंगची कल्पना मला इथे फार उपयोगी पडली. आपण सगळे डोक्यात पैशाचे वेगवेगळे डबे करून ठेवतो, पैसा तोच पण डबा बदलला की वागणं बदलतं. बोनस आला की माझ्या डोक्यात लेन्सचा डबा उघडायचा आणि नवऱ्याच्या डोक्यात घराच्या कर्जाचा, आणि आम्हाला दोघांनाही वाटायचं की समोरच्याला साधी गोष्ट कळत नाहीये. तेव्हा ज्या पैशातून छंदाचा खर्च करायचाय तो पैसा समोरच्याच्या डोक्यात कुठल्या डब्यात आहे हे आधी विचारून घ्या.

मग क्रम ठरवा. घरखर्च आणि हप्ते, त्यानंतर अडीअडचणीचा फंड, साधारण ३ ते ६ महिन्यांच्या खर्चाइतका, मग दोघांचं मिळून जे काही ठरलंय त्याची बचत, आणि मग छंद. हा क्रम तुम्ही स्वतःहून मांडलात ना की समोरच्याची अर्धी धास्ती तिथेच कमी होते कारण त्याला पहारा द्यावा लागत नाही.

उरलेल्यातून दोघांसाठी दर महिन्याला एक रक्कम बाजूला काढा, जिचा हिशोब कोणीच कोणाला द्यायचा नाही. दोघांना सारखी. एकाला छंद आहे आणि दुसऱ्याला नाही म्हणून एकालाच, असं करू नका, दुसऱ्याने ती नुसती साठवली तरी ती त्याचीच. आणि एकजण कमावत नसेल तरीही सारखीच, हे मी मुद्दाम सांगतेय कारण इथेच सगळ्यात जास्त अन्याय होतो, घर सांभाळणाऱ्या माणसाला स्वतःच्या रंगांच्या ट्यूबसाठी परवानगी मागावी लागते आणि कमावणारा न सांगता गॅजेट घेऊन येतो. न वापरलेली रक्कम पुढच्या महिन्यात जमा होत राहिली पाहिजे, नाहीतर महिनाअखेरीला उगाच काहीतरी घेतलं जातं.

त्या रकमेपेक्षा जास्त खर्च असेल तर विचारायचं. त्यासाठी एक मर्यादा ठरवा, या आकड्याच्या वर काहीही घेताना, छंद असो वा घरातलं मशीन, आधी बोलायचं. आकडा किती ते तुमच्या कमाईवर आहे पण तो स्पष्ट असू दे, "मोठं काही असेल तर सांगत जा" याला काही अर्थ नाही, मोठं म्हणजे काय ते प्रत्येकाचं वेगळं असतं. आणि एक खरेदी चार तुकड्यात करून मर्यादेखाली बसवायची नाही.

प्रत्यक्ष बोलताना वेळ बघा, कोणी दमून आलंय, भूक लागलीय, झोपायची वेळ झालीय तेव्हा नको. आधी सांगून ठेवा की शनिवारी अर्धा तास या विषयावर बोलूया. सुरुवात कशी होते त्यावर खूप अवलंबून असतं, जॉन गॉटमन आणि सिबिल कॅरेर यांनी १९९९ मध्ये नवविवाहित जोडप्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वादाच्या बोलण्याची पहिली ३ मिनिटं बघूनच पुढे कोणाचा घटस्फोट होईल याचा बराचसा अंदाज येत होता. म्हणून "तुला माझ्या आवडीचं काही पडलेलंच नाही" असं सुरू करू नका. मी असं म्हणाले होते, "मला लांबचे पक्षी जवळ दिसतील अशी एक ६०० एमएमची लेन्स हवीय, किंमत इतकी आहे, बरोबर अजून इतका खर्च येईल, माझ्या बाजूला एवढे साठलेत, उरलेल्याबद्दल तुझ्याशी बोलायचंय, आज हो-नाही काही सांगू नकोस." आकडा पहिल्याच दमात पूर्ण सांगा. कमी सांगून नंतर वाढवत नेलं तर पुढच्या वेळी तुमच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास राहत नाही.

दोन वाक्यं बिलकुल नकोत. "माझे पैसे आहेत" आणि "तू पण तर तेव्हा घेतलंस". दुसरं खरं असलं तरी नको, त्याने समोरचा स्वतःचा बचाव करायला लागतो आणि तुमचा विषय राहतो बाजूला. "ही गुंतवणूक आहे" हे पण जपून, कॅमेऱ्याची बॉडी नवीन मॉडेल आलं की उतरते, चांगली लेन्स त्या मानाने किंमत टिकवते, पण विकायचा विचारच नसेल तर तो खर्चच आहे, तसंच सांगा. मला याने आनंद मिळतो हे कारण पुरेसं आहे.

नाही म्हटलं तर लगेच रुसू नका, विचारा की कशामुळे नाही आणि काय झालं तर हो होईल. आमच्याकडे उत्तर होतं "कर्जाचा हा हप्ता संपू दे", म्हणजे ७ महिने. मी त्या काळात तीच लेन्स एका वीकेंडसाठी भाड्याने आणली आणि मला कळलं की ती हातात धरून दोन तास चालणं मला झेपत नाही. वजनाने हलकी, जुनी, वापरलेली घेतली शेवटी आणि माझी आधीची विकून टाकली. भाड्याने घेणं, उसनं आणून बघणं, सेकंड हँड, एक आत आलं की एक बाहेर, हे सगळे मार्ग "नाही" आणि "हो" च्या मधले आहेत, ते समोर ठेवा. ज्या वस्तूसाठी जीव कासावीस होतोय ती ३० दिवस यादीत लिहून ठेवा, महिन्याने पण तेवढीच हवी असेल तर बोला.

आणि लपवून आधीच काही घेतलं असेल तर? सांगून टाका, आजच. मी एक लेन्स दोन आठवडे गाडीच्या डिकीत ठेवली होती. नवऱ्याला सापडली तेव्हा तो किंमतीबद्दल एक शब्द बोलला नाही, "मला सांगावंसं का नाही वाटलं तुला" एवढंच म्हणाला, आणि ते अजून माझ्या मनातून जात नाही. सांगताना बिल समोर ठेवा, परत करता येत असेल तर तसं सुचवा, आणि माफी मागताना "पण ऑफर होती" वगैरे जोडू नका.

छंद तुमचा नसून जोडीदाराचा असेल तर एकदा त्याच्याबरोबर जाऊन बघा, सामान काय काय लागतं ते समजून घ्या, मग आकड्यांबद्दल बोला. नवरा एकदा पहाटे माझ्याबरोबर पाणवठ्यावर येऊन तीन तास बसला, त्याला काही आवड लागली नाही, पण ट्रायपॉड का हवा हे मला परत कधी समजवावं लागलं नाही.

एक मात्र वेगळं सांगते. घरातला एकच माणूस सगळा पैसा हातात ठेवत असेल, बारीकसारीक खर्चाचा जाब विचारत असेल आणि स्वतःचा काहीच सांगत नसेल तर हे वरचं काही लागू पडत नाही, तो छंदाच्या खर्चाचा प्रश्न नाही, त्यासाठी विश्वासातल्या माणसाशी किंवा समुपदेशकाशी बोलायला हवं.

ठरलेलं सगळं लिहून ठेवा, फोनमध्ये दोघांना दिसेल अशी एक नोट पुरते, आणि दर ६ महिन्यांनी उघडून बघा. पगार बदलतो, मूल येतं, कोणाचा छंद सुटतो, कोणाला नवीन लागतो. आमच्या नोटमध्ये या वेळी मर्यादा थोडी खाली आणली कारण नवऱ्याने नोकरी बदललीय, आणि रविवार ऐवजी महिन्यातले दोन शनिवार माझे असं ठरलंय.