घर हातचं जाण्याआधी : भाडेकरू आणि कर्जदारांनी या चुका टाळा

घर गेलेल्या कुटुंबाच्या पिशवीतले कागद तारखेप्रमाणे लावले की बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. पहिली नोटीस येऊन गेलेली असते, तिच्यातली मुदतही उलटलेली असते आणि सल्ला घ्यायला माणूस येतो तो कोर्टाचा बेलिफ दारात उभा राहिल्यावर. त्या टप्प्यावर चांगला वकीलही फार तर थोडी मुदतवाढ मिळवून देतो. तोच माणूस पहिल्या आठवड्यात आला असता, तर बऱ्याच वेळा घरच वाचलं असतं. म्हणून वस्तीत, चाळीत, सोसायटीच्या ऑफिसात सल्ला देणारं कुणीतरी हवं, आणि तिथे लवकर जायला हवं.

"मालक भाडं घेतच नाही, मग आम्ही काय करणार?"

पागडीच्या (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेल्या) आणि जुन्या भाड्याच्या घरांत सर्वांत महागात पडणारी चूक हीच. मालक भाडं घ्यायचं टाळतो, भाडेकरू वर्षभर गप्प बसतो आणि मग थकबाकीवर दावा लागतो. मालकाने नकार दिला की त्याच महिन्यात भाड्याचा चेक पत्रासोबत स्पीड पोस्टाने पाठवा. पाकीट परत आलं तर न फोडता तसंच जपून ठेवा. भाडं द्यायची तुमची तयारी होती, याचा तो पुरावा आहे, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधलं भाडेकरूचं संरक्षण याच तयारीवर उभं आहे.

थकबाकी खरोखरच झाली असेल तरी लगेच हातपाय गाळू नका. याच कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मालकाला आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून ९० दिवस उलटेपर्यंत थकबाकीच्या कारणावर घर खाली करण्याचा दावा लावता येत नाही. दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी वर्षाला १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरा आणि पुढचं भाडं नियमित भरत राहा. कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्चही द्यावा लागतो. एवढं केलं तर त्या कारणावर घर जात नाही. म्हणजे उसनवारी करून, सोनं गहाण ठेवून का होईना, रक्कम उभी करायला वेळ मिळतो. तो वेळ नोटीस कपाटात ठेवून संपवणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं, कारण रक्कम अनेकदा आवाक्यातली असते.

भाड्याची पावती मागायला संकोच करू नका. लेखी पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. आणि पावती अजून आजोबांच्या नावावर असेल, तर आजच हालचाल करा. भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयांना कायदा ओळखतो, पण सोबत राहत होतो हे रेशन कार्ड, मतदार यादी, वीजबिल यांवरून दाखवावं लागतं. भावंडांत वाद असेल तर तो मालकाच्या कानावर जाण्याआधी मिटवा.

लिव्ह अँड लायसन्सचा करार तोंडी ठेवणं

करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. तरीही त्या भरवशावर राहू नका. डिपॉझिट बँकेतूनच द्या.

दुसरी चूक मुदत संपल्यावरची. करार संपूनही राहिलात तर दुप्पट शुल्काची मागणी होऊ शकते. घर खाली करण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याचं (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचं) समन्स आलं तर ३० दिवसांत शपथपत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर तुमची बाजू ऐकलीच जात नाही. हे समन्स आणि वरचं भाडेकरूचं समन्स सारखं समजू नका. मुदती वेगळ्या, कार्यपद्धती वेगळी. कुठलं समन्स आलंय हे पहिल्याच दिवशी जाणकाराला दाखवा.

पाणी-वीज तोडली म्हणून घर सोडणं

भाडेकरूचं पाणी, वीज किंवा शौचालयाची सोय सबळ कारणाशिवाय बंद करायला त्याच कायद्याच्या कलम २९ ची मनाई आहे. कोर्ट अंतरिम आदेश देऊन ती पुन्हा सुरू करायला लावू शकतं. त्रासून चावी दिलीत, तर ताबा तुम्हीच सोडल्याचं म्हटलं जाईल. कुणी कुलूप फोडायला आलं तर शेजाऱ्यांना बोलवा, फोटो काढा, १०० किंवा ११२ वर कळवा.

३५४ ची नोटीस : घाबरून पळणं आणि हट्टाने राहणं, दोन्ही चूक

मुंबईत धोकादायक इमारतीवर महापालिकेची ३५४ ची नोटीस (महापालिका कायद्याच्या कलम ३५४ खालची) लागली की इमारतीत दोन गट पडतात. एक गट दुसऱ्या दिवशी सामान हलवतो, दुसरा "मालकाचा डाव आहे" म्हणत बसून राहतो. इमारत सी-१ श्रेणीत, म्हणजे अतिधोकादायक असेल तर बाहेर पडलंच पाहिजे. भिवंडीची जिलानी इमारत २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे कोसळली आणि तीसहून अधिक माणसं गेली. पण बाहेर पडण्याआधी आपल्या खोलीची मोजणी आणि रहिवाशांच्या यादीत आपलं नाव, या दोन्हींची पालिकेकडे नोंद झाल्याची खात्री करा आणि तिची प्रत घ्या. इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, पण पुरावा नसलेला हक्क मागताना आयुष्य जातं.

मालकाने करून घेतलेल्या इमारतीच्या ऑडिटवर (मजबुतीच्या तपासणीवर) विश्वास नसेल तर सगळ्यांनी वर्गणी काढून दुसऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून अहवाल घ्या. दोन अहवाल परस्परविरोधी असतील तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे नेता येतं. हे एकट्याचं काम नाही. चाळ कमिटी जिवंत असेल तरच ते वेळेत होतं.

झोपडपट्टी पुनर्वसनात असाल तर परिशिष्ट दोनमध्ये (पात्र-अपात्र झोपडीधारकांच्या यादीत) आपलं नाव पात्र लागलंय का, हे खोली सोडण्याआधी पाहा. आणि बिल्डरने द्यायचं पर्यायी घराचं भाडं एक महिना चुकलं तरी लगेच झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा.

गृहकर्जाचे हप्ते लपवणं

९० दिवस हप्ता थकला की खातं बुडीत वर्गात जातं. त्यानंतर सरफेसी कायद्याची (बँकेला गहाण घर ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या कायद्याची) ६० दिवसांची नोटीस येते. तिला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झाली तर कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस असतात. लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्याआधी पूर्ण रक्कम भरून घर सोडवता येतं. घर ठेवणं शक्यच नसेल तर बँकेशी बोलून स्वतः विका. लिलावात सहसा किंमत कमी येते.

घरातल्या घरात बेघर होणं

मुलाच्या नावे घर करताना सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहा. ती मोडली तर ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ खाली प्रांताच्या न्यायाधिकरणाकडे ते पत्र रद्द करायला मागता येतं. सासरी छळ होत असेल आणि बाहेर काढलं जात असेल, तर घर सासूच्या नावावर आहे म्हणून निमूट निघू नका. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सामायिक घरात राहण्याचा हक्क देतो. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याला भेटा.

कुठे जायचं

फी परवडत नाही म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका विधी सेवा समिती मोफत वकील देतात. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अटही नाही. हेल्पलाइन १५१००. ज्येष्ठांसाठी १४५६७. जाताना नोटीस पाकिटासकट न्या, कारण मुदत ती मिळाल्याच्या तारखेपासून मोजली जाते. पावत्या, करार, वीजबिलं आणि बँकेचं पासबुक सोबत ठेवा. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टॅम्प पेपरवर कुणालाही सही देऊ नका, ओळखीच्या एजंटालाही नाही.