स्ट्रॅडल सक्तीचा आहे? मग आधी खतावणी मांडा

सावंतवाडीतल्या एका काजू कारखान्यात मी हिशेब लिहितो. बियांची खरेदी, सोलणाऱ्या बायकांची मजुरी, डब्यांचा खर्च, घट. महिन्यातून एखाद्या शनिवारी संध्याकाळी पणजी गाठतो आणि मांडवीतल्या बोटीवर पोकरला बसतो. म्हापशाच्या आतेभावाला फार यावंसं वाटतं, पण गोव्याच्या रहिवाशांना २०२० पासून कसिनोत खेळायची बंदी आहे. तो बिचारा जेटीपर्यंत सोडायला येतो आणि म्हणतो, "जिंकलंस तर सुरमई, हरलंस तर बांगडो."

गेल्या वर्षभरात एका प्रश्नाने माझ्या वहीची बरीच पानं खाल्ली. १००-२०० च्या टेबलावर बसावं, तर डीलर सांगतो, "सर, इथे स्ट्रॅडल कंपल्सरी आहे." नाही म्हणायची सोय नाही. हा सक्तीचा स्ट्रॅडल आपल्याला नेमका कितीला पडतो, ते कसं काढायचं हे इथे लिहितो. गुणाकार-भागाकार येत असेल तर पुरे.

नवीन माणसासाठी दोन ओळी. पत्ते बघण्याआधी दोन खुर्च्यांना सक्तीने पैसे टाकावे लागतात, ते ब्लाइंड: स्मॉल ब्लाइंड १००, बिग ब्लाइंड २००. आणि त्यांच्या पुढच्या खुर्चीने पत्ते बघण्याआधीच ४०० टाकायचे. हा स्ट्रॅडल. बदल्यात फ्लॉपच्या आधी, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन सामाईक पत्ते उघडण्याआधी, शेवटचा शब्द त्याचा. तीन पत्तीत ब्लाइंड खेळणाऱ्याला निदान एवढं तरी मिळतं की पत्ते बघितलेल्याला त्याच्या दुप्पट चाल द्यावी लागते. इथे तेही नाही. आंधळे पैसे टाकायचे आणि फ्लॉपनंतर बहुतेकांच्या आधी बोलायचं.

पहिली चूक सगळे इथेच करतात. मीही केली. "स्ट्रॅडल ४०० चा, म्हणजे दर फेऱ्याला ४०० गेले" असं धरतात. (फेरा म्हणजे प्रत्येकावर ही खुर्ची एकदा येऊन जाणं.) दरवेळी पत्ते न बघता फेकणार असाल तरच ४०० जातात. त्यातले काही परत येतात, आणि किती येतात तेच मोजायचं आहे.

त्यासाठी स्ट्रॅडलच्या खुर्चीवर काय काय होऊ शकतं त्याची पाच खाती उघडा. माझ्या वहीतले आकडे गोल करून देतो. तुमच्या टेबलावर वेगळे निघतील, नव्हे निघायलाच हवेत.

सगळ्यांनी पत्ते टाकले, ब्लाइंडचे ३०० आपले: शंभरात ५ वेळा. कोणी वाढवलंच नाही, चौघे-पाच जण ४०० देऊन आत आले, आपण चेक केलं, म्हणजे आणखी पैसे न टाकता आत राहिलो: ३५ वेळा. अशा पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, साधारण २००० असतात. कुठलेही पत्ते आणि वाईट जागा धरून माझ्या वाट्याला सरासरी ३४० येतात, म्हणजे ६० चा तोटा. कोणी वाढवलं आणि मी पत्ते टाकले: ४० वेळा, प्रत्येकी ४०० नावे. वाढवलं आणि मी कॉल केला, म्हणजे तेवढेच पैसे भरून आत राहिलो: १५ वेळा, सरासरी २५० चा तोटा. मीच उलट वाढवलं: ५ वेळा, सरासरी ५०० जमा.

आता प्रत्येक खात्याचा गुणाकार करून बेरीज. १५ जमा, २१ नावे, १६० नावे, ३७.५ नावे, २५ जमा. उत्तर आलं १७८.५ चा तोटा. पोकरवाले ज्याला ईव्ही म्हणतात ती एवढीच: हीच वेळ पुन्हापुन्हा आली तर दर वेळची सरासरी. ४०० च्या स्ट्रॅडलची ईव्ही उणे १७८. म्हणजे अर्ध्याहून थोडे जास्त पैसे मी परत ओढून आणतो.

कॉलच्या खात्यात २५० चा तोटा बघून पुष्कळांचं डोकं फिरतं. तोटाच होतो तर कॉल का करायचा? कारण पत्ते टाकले की ४०० जातात, आणि कॉलची तुलना शून्याशी नाही, त्या ४०० शी करायची असते. टाकलेले पैसे नावे पडले. आता विचार पुढच्या रुपयाचा.

एक हात जवळून बघा. स्ट्रॅडलवर मी, हातात इस्पिकची नव्वी-अठ्ठी. बटनाच्या, म्हणजे फ्लॉपनंतर शेवटी बोलणाऱ्या खुर्चीच्या, उजवीकडच्या माणसाने १२०० केले, बाकी सगळे बाहेर. पॉटमध्ये १०० + २०० + ४०० + १२०० म्हणजे १९००. मला अजून ८०० द्यायचेत, दिल्यावर पॉट २७००. आठशेला सत्तावीसशेने भागलं की २९.६ टक्के. एवढा वाटा मला मिळायला हवा. समोरचा साधारण वरच्या १५ टक्के पत्त्यांवर वाढवतो असं धरलं तर माझ्या नव्वी-अठ्ठीचा कच्चा वाटा, म्हणजे दोघांनी शेवटपर्यंत पत्ते धरले तर सरासरी मिळेल तो, ३८ टक्क्यांच्या आसपास असतो. पण तो माझ्या नंतर बोलणार, मला अधेमधे पत्ते टाकावे लागणार. म्हणून मी कच्च्या वाट्याचा चार-पंचमांशच धरतो, म्हणजे ३०.४ टक्के. त्या हिशेबाने २७०० मधले ८२१ माझे, दिले ८००. कॉलने कमावले २१. एकूण हात ३७९ च्या तोट्यात, पण ४०० च्या तोट्यापेक्षा बरा. याच जागी बदाम राजा आणि चौकट सत्ती असती तर मी फेकली असती. राजा दिसायला देखणा, पण असे पत्ते आपला वाटा शेवटपर्यंत नेत नाहीत. मी त्यांना दोन-तृतीयांशही देत नाही.

आता कोणी विचारेल, एवढी पाच खाती कशाला? वहीत स्ट्रॅडलच्या खुर्चीचा निव्वळ जमाखर्च ठेवला आणि सरासरी काढली तर? मी तेच करत होतो. शंभर स्ट्रॅडलनंतर वही म्हणत होती की मी दर स्ट्रॅडलला १९० कमावतो. मी आठवडाभर स्वतःवर खूश. मग लक्षात आलं की त्यातला एक हात एकट्याने ३८,००० देऊन गेला होता. एका हाताचा चढउतार ४००० च्या घरात धरला तर शंभर हातांच्या सरासरीत ४०० इकडे-तिकडे सहज होतात. चार हजार भागिले शंभरचं वर्गमूळ. जी गोष्ट १७८ ची आहे ती ४०० च्या फुटपट्टीने कशी मोजणार? ५० पर्यंत नेमकं उत्तर हवं असेल तर ६४०० स्ट्रॅडल लागतील. तासाला २७ हात, नऊ जणांत तीन फेरे, म्हणजे तासाला तीन स्ट्रॅडल. एकवीसशे तासांच्या वर. तेवढ्यात काजूची कलमं फळाला येतील.

उलट "किती वेळा वाढवलं आणि मी फेकलं" हा आकडा लवकर स्थिरावतो. शंभरात ४० आला तर तो पाच इकडे-तिकडे, बस. म्हणून वेळा मोजाव्यात वहीत आणि रकमांचा अंदाज करावा डोक्याने. टेबलावर मी फक्त पाच खुणा करतो: स, चे, फे, कॉ, वा. ऑनलाइन खेळायचो तेव्हा हे सॉफ्टवेअर आपोआप करायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, तेव्हापासून खिशात पेन्सिल. बोटीवर शेजारी बसलेल्या मालवणच्या एका गृहस्थांनी विचारलं, "ह्यां सगळां कित्याक लिवन ठेवतंस?" त्यांना सांगायला पाच मिनिटं लागली, तेवढ्यात त्यांनी दोन हात हरले.

हे झालं एका खुर्चीचं. आणि इथेच सक्तीच्या स्ट्रॅडलची गोष्ट वेगळी होते. ऐच्छिक स्ट्रॅडल मी एकट्यानेच टाकत असलो तर दर फेऱ्याला १७८, तासाला ५३५ रुपये मी टेबलाला दान देतोय. पण सक्ती सगळ्यांना असेल, तर इतर आठ जण स्ट्रॅडलवर येतात तेव्हा त्यांचे १७८ माझ्यासह उरलेल्या आठांत वाटले जातात. प्रत्येकाला दर वेळी सरासरी २२. आठ वेळा मिळून १७८. दिले तेवढे आले. सगळे सारखेच खेळत असतील तर सक्तीच्या स्ट्रॅडलची ईव्ही शून्य. एका फेऱ्यात प्रत्येक जण ७०० आंधळे टाकतो, नऊ हातांत ६३०० जमतात, नऊ जणांत ते पुन्हा सातशे-सातशेच. एका खुर्चीकडे बघून रडायचं नाही, पूर्ण फेऱ्याचा ताळेबंद बघायचा.

म्हणून खरा प्रश्न असा: हा ताळेबंद कुठे बिघडतो?

सगळ्यात आधी पळपुट्यांमुळे. समजा सक्ती नावापुरती आहे आणि नऊपैकी दोघे हळूच टाळतात. ते प्रत्येकी सात जणांचे २२-२२ खातात, म्हणजे फेऱ्याला १५६ फुकट. आणि आपण, म्हणजे टाकणारे सात, प्रत्येकी १७८ देतो, सहा जणांकडून १३४ घेतो, ४५ नी मागे राहतो. साताचे ४५ म्हणजे दोघांचे १५६, बेरीज जुळते. स्ट्रॅडल यायच्या आधीच्या हाताला सिगारेट ओढायला वरच्या डेकवर जाणारा माणूस तुम्हाला दिसला असेल. त्याची प्रत्येक सिगारेट १७८ रुपये कमावते. परत आल्यावर चुकलेला स्ट्रॅडल भरून घेतात का, हे बसण्याआधी डीलरला विचारा. मी विचारतो, त्याला कंटाळा आला तरी.

मग खोली, म्हणजे आपल्यासमोरचे पैसे ब्लाइंडच्या किती पट आहेत ते. मी २०,००० घेऊन बसतो. १००-२०० ला ते १०० बिग ब्लाइंड. स्ट्रॅडल आला की तेच ५० स्ट्रॅडल. साध्या हातात ६०० चं रेझ (वाढवणं) आणि बिग ब्लाइंडचा कॉल झाला की पॉट १३०० आणि मागे १९,४००, जवळजवळ पंधरापट. स्ट्रॅडलच्या हातात १२०० चं रेझ, स्ट्रॅडलचा कॉल, पॉट २७००, मागे १८,८००, सातपट. फ्लॉपनंतर शांतपणे खेळून कमावणाऱ्याचं इथे नुकसान. मोठे पत्ते धरून बसणाऱ्याचा फायदा. माझी कमाई, असेल ती, पहिल्या प्रकारची. तेव्हा माझ्यासाठी शून्य ईव्ही हे उत्तर खोटं आहे, ते थोडं उणेच आहे. किती, ते मी फक्त अदमासाने सांगू शकतो, आकड्यात नाही.

खोली परत मिळवायला ४०,००० घ्यावेत, तर जीएसटी आडवा येतो. चिप्स घ्यायला भरलेल्या रकमेवर ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. जास्तीच्या २०,००० वर ४० टक्के म्हणजे ८,०००, म्हणजे जवळपास पंचेचाळीस स्ट्रॅडलची किंमत, पंधरा तासांचा खेळ. ही रक्कम वर लागणार की आतच धरली आहे, हे खिडकीवर आधी विचारून घ्या. स्ट्रॅडलच्या २२ रुपयांवर वाद घालणारे लोक हा आकडा बघतच नाहीत, याचं मला हिशेबनीस म्हणून फार दुःख होतं.

रेकचं, म्हणजे कसिनोच्या कापणीचं, थोडक्यात. पॉटमधून टक्केवारीने कापतात आणि वर मर्यादा असते. पॉट मर्यादेच्या खाली राहत असतील तर स्ट्रॅडलने रेकही दुप्पट होतो. मर्यादेच्या वर जाऊ लागले तर मोठ्या पॉटमध्ये रेकचा टक्का घटतो, आणि तेवढ्यापुरता स्ट्रॅडल उपकारकच. चार-पाच पॉट नजरेखाली घालून मर्यादा किती वेळा गाठली जाते ते मोजा.

जमेच्या बाजूला एक गोष्ट जरूर लिहा: चोरी, म्हणजे साध्या पत्त्यांवरही वाढवून सगळ्यांना पळवणं आणि आंधळे पैसे उचलणं, स्वस्त होते. साध्या हातात ३०० साठी ६०० लावायचे, तीनात दोनदा सगळे पळाले पाहिजेत. स्ट्रॅडल असताना ७०० साठी १२०० लावायचे, ६३ टक्के पुरतात. बटनवर आणि त्याच्या उजव्या खुर्चीवर मी थोडे जास्त हात खेळतो ते यासाठी. पण स्ट्रॅडलवर "माझे चारशे आहेत" म्हणून काहीही धरून कॉल करणारा बसला असेल, तर चोरी बंद आणि फक्त चांगल्या पत्त्यांवर मोठी रक्कम. अशा माणसाच्या पाच खात्यांत "फेकलं" चं खातं रिकामंच असतं. त्याचा तोटा १७८ नाही, तीनशेच्या पुढे असणार, आणि तो टेबलात वाटला जातोय. अशा टेबलावर सक्ती मला चालते.

राहिली पहाटेची वेळ. चार वाजता टेबल नवावरून पाचावर येतं आणि स्ट्रॅडल चालूच असतो. आंधळे ७०० आता नऊ हातांत नाही, पाच हातांत एकदा. हाताला ७८ चे १४० झाले. उरलेले चौघे कोण आहेत ते बघायचं: दमलेले, हरत असलेले, पैसे वसूल करायला बसलेले असतील तर चांगलं, चौघेही माझ्यासारखे वही घेऊन बसले असतील तर मी दोन हात आधी सांगून उठतो. स्ट्रॅडल भरून, त्या फेऱ्याचे उरलेले हात खेळून. मधेच उठलं तर आपण भरलेले १७८ दुसऱ्याच्या खात्यावर राहतात.

आतेभाऊ जेटीवर गाडी घेऊन थांबलेला असतो. गेल्या खेपेला बांगडो.