पॅराशूट दुसऱ्याच्या वावरात उतरलं तर: वाद पेटवणाऱ्या या चुका टाळा

स्कायडायव्हर परक्या शेतात उतरला की त्याच्या उतरण्यावरूनच भांडण झालं असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात पिकाचं मोठं नुकसान उतरणाऱ्यामुळे क्वचितच होतं. एक माणूस आणि त्याची छत्री मिळून गव्हात ५०-६० चौरस मीटर जागा लोळवतात. त्याला घ्यायला आलेली जीप, मागून पळत आलेले मित्र आणि बघायला जमलेलं अख्खं गाव याच्या कितीतरी पट तुडवून जातात. मालकाला मात्र सगळा हिशेब त्या एकाच माणसाकडून हवा असतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

नागपूर परिसरात उड्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. याच दिवसांत कापसाची वेचणी चालू असते, तूर उभी असते, गहू-हरभरा वाढत असतो, आणि काटोल, नरखेड, कळमेश्वरकडे संत्र्याचे बगिचे फळांनी लदलेले असतात. म्हणून इथली तयारी विमानात बसण्याच्या कितीतरी आधी सुरू व्हायला हवी.

सरकारी परवानगी म्हणजे शेजाऱ्यांची परवानगी समजणे

डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय), एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण), जिल्हाधिकारी, पोलीस, शिवाय महाराष्ट्राच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडची नोंदणी, हे सगळं लागतंच. पण यातला एकही कागद बाजूच्या वावरात उतरण्याचा हक्क देत नाही. तो हक्क शेतकऱ्याच्या होकारातूनच येतो, आणि तो होकार उड्यांच्या शिबिराच्या आधी घ्यायचा असतो.

महाभूनकाशा या जमिनीच्या नकाशांच्या सरकारी संकेतस्थळावरून उतरण्याच्या मैदानाभोवतीचा नकाशा छापून घ्या. विमान ज्या रेषेत जाणार त्या रेषेच्या दोन्ही टोकांना २ किलोमीटर आणि बाजूंना किमान ५०० मीटर एवढ्या पट्ट्यातले गट क्रमांक काढा. मग पोलीस पाटलांना सोबत घेऊन पायी फिरा. इथेच एक मोठी चूक होते, ती म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव शोधून त्यालाच फोन लावणं. जमीन ज्याच्या नावावर आहे तो पुण्याला राहत असेल आणि वावर दुसऱ्याने ठेक्याने केलेलं असेल, तर नुकसान ठेकेदाराचं होतं. त्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं. संत्र्याच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. बगिचा झाडावरच व्यापाऱ्याला विकलेला असतो, म्हणजे पडलेलं फळ व्यापाऱ्याचं आणि मोडलेली फांदी शेतकऱ्याची. दोघांशी वेगवेगळं बोलावं लागतं. एकाला पैसे देऊन निघून आलात की संध्याकाळी दुसरा दारात येतो.

सहमतीपत्र एका पानाचं पुरे: गट क्रमांक, कोणतं पीक, किती तारखेपर्यंत, आत यायची वाट कोणती, विहीर आणि कुंपणाच्या तारा कुठे आहेत, नुकसान कसं मोजायचं, आणि दोन्हीकडचे फोन नंबर. ज्याने नकार दिला त्याचं वावर नकाशावर लाल करा, आणि तो नकाशा विमानात चढण्याआधी प्रत्येकाने पाहिलाच पाहिजे.

चुकीच्या स्पॉटचं खापर वाऱ्यावर फोडणे

स्पॉट म्हणजे विमानातून उडी मारायची नेमकी जागा. शेतात उतरावं लागण्याचं मूळ बहुतेक वेळा विमानाच्या दारात असतं. हिवाळ्यात विदर्भावर वरच्या थरात पश्चिमेचा वारा आणि जमिनीलगत पूर्व किंवा ईशान्येचा हलका वारा अशी जोडी पुष्कळदा असते. पायलट वरच्या वाऱ्याकडे तोंड करून पश्चिमेला जातो. विमानाचा जमिनीवरचा वेग ८० नॉट धरला तर ते सेकंदाला सुमारे ४० मीटर पुढे सरकतं. उडी मारणाऱ्यांच्या दोन गटांत १० सेकंदांचं अंतर ठेवलं की ४०० मीटर होतात, आणि सहा गट असले तर पहिल्या व शेवटच्या गटात २ किलोमीटरचं अंतर पडतं. वरचा वारा ३० नॉट असेल तर छत्री उघडण्याआधीच्या मिनिटभराच्या मुक्त पतनात माणूस साधारण ९०० मीटर पूर्वेकडे वाहतो. हे गणितात धरलं नाही तर पहिला गट पूर्वेला चुकतो. ते जास्त धरलं तर शेवटचा गट पश्चिमेला दूर राहतो आणि छत्री उघडल्यावर खालचा वारा त्याच्या समोरून येतो.

नवशिक्यांच्या मोठ्या छत्रीचा पुढे जाण्याचा वेग ताशी ३०-३५ किलोमीटर असतो. शांत हवेत ३,००० फुटांवरून ती सव्वादोन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, पण समोरून ताशी २५ किलोमीटरचा वारा असला तर जेमतेम ४००-६५० मीटर. त्यामुळे मोठ्या छत्रीवाल्यांना शेवटच्या गटात न ठेवता विमान दोनदा फिरवून घ्यावं. इंधनाचा खर्च वाढतो, तो करावा.

उतरण्याचं ठिकाण उशिरा ठरवणे

मैदान गाठता येईल का, हा प्रश्न २,००० फुटांवर विचारायचा. उत्तर ‘बहुतेक’ असेल तर ते ‘नाही’ समजा आणि पर्यायी जागा निवडा. १,००० फुटांवर डाउनविंड (वारा पाठीशी घेऊन), ६०० वर बेस (वाऱ्याला आडवं), ३०० वर फायनल (वाऱ्याकडे तोंड करून) हा नेहमीचा क्रम त्या पर्यायी जागेवरही पाळा. मैदानाच्या आशेवर ताणत ताणत ४०० फुटांवर आलेला माणूस शेवटी समोर जे येईल त्यात उतरतो: तारा, विहीर, नाहीतर बगिचा. खाली वळण घेऊन दिशा बदलण्याची घाई तर जीवघेणी. छत्री सपाट ठेवणं, अडथळ्यापासून दूर राहणं आणि फ्लेअर करून (टेकण्याआधी दोन्ही ब्रेक ओढून वेग कमी करून) पाय जुळवून लोळण घेणं या तीन गोष्टी पिकापेक्षा कायम आधी येतात. पीक वाचवायला म्हणून कोणी तारांकडे वळू नये.

वरून वावर ओळखता न येणे

काढणी झालेलं सोयाबीनचं रिकामं वावर सगळ्यात उत्तम. काळसर तपकिरी, सपाट दिसतं. नांगरलेल्या जमिनीत ढेकळांमुळे घोटा मुरगळतो, पण तिथे पिकाचं नुकसान होत नाही.

हिरवळीसारखा एकसारखा हिरवा पट्टा दिसला की तो बहुधा गहू. उतरायला मऊ, पण वाद हमखास. तूर वरून मऊ झुडपांसारखी भासते. खाली पुरुषभर उंचीच्या कडक तुराट्या असतात आणि त्या लागतात. पांढरे ठिपके दिसले तर पऱ्हाटी समजा. फुटलेल्या बोंडांत आणि वाळक्या फांद्यांत दोर असे अडकतात की सोडवायला तास जातो, आणि ओढाताण केली तर कापूस मातीत पडतो. मौदा-रामटेककडच्या धानाच्या बांध्या तोवर बहुतेक रिकाम्या झालेल्या असतात, पण मधले बांध पायाला दगा देतात. धुऱ्यावर उतरायचा मोह टाळा. तिथेच बाभळी असतात आणि तारही तिथूनच जाते.

संत्र्याची झाडं साधारण ६ बाय ६ मीटरवर लावलेली असतात. वरून दोन ओळींमधली जागा पुरेशी वाटते, पण झाडाचा घेर वजा केला तर छत्री मावेल एवढी मोकळी पट्टी उरत नाही. फळांच्या भाराने वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले असतात. एक टेकू सरकला की अख्खी फांदी तुटते, आणि तिची भरपाई एका हंगामाच्या फळात होत नाही.

तीन गोष्टी पिकापेक्षाही महत्त्वाच्या. पहिली विहीर. वरून काळा गोल दिसतो आणि पुष्कळ जुन्या विहिरींना कठडा नसतो. दुसरं शेततळं. त्याचं ५०० मायक्रॉनचं प्लास्टिक इतकं निसरडं असतं की भिजलेल्या छत्रीसह माणसाला काठ चढता येत नाही. शिवाय अस्तर फाटलं तर खर्च गव्हाच्या कितीतरी पट. तिसरं कुंपण. रोही आणि रानडुकरांसाठी झटका मशीन लावलेलं असतं, आणि काही ठिकाणी बेकायदा थेट विजेची तारही सोडलेली सापडते. दिवसा बंद असेल, असा अंदाज कधीही करू नका. प्रत्येक तार चालू आहे असं समजूनच वागा.

कामठीची छावणी, अंबाझरीची आयुध निर्माणी, बाजारगावकडचे स्फोटकांचे कारखाने, कोराडी-खापरखेडाची वीज केंद्रं आणि पेंच, उमरेड-कऱ्हांडल्याचं जंगल: इथे गाठ शेतकऱ्याशी नसून पहारेकऱ्याशी किंवा वनरक्षकाशी पडते. ही ठिकाणं नकाशावर आधीच लाल हवीत.

उतरल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटं

प्रकरण मिटणार की पेटणार हे इथेच ठरतं.

पाय टेकताच एक ब्रेक (छत्री वळवायची दोरी) ओढून छत्री पाडा. ती फुगलेली राहिली तर वाऱ्याने पिकातून फरफटत जाते. मग जागच्या जागी उभं राहून दोर साखळीसारखे गुंफा, कापड कवेत गोळा करा आणि जमिनीवरून काहीही ओढू नका. ठिबकच्या १६ मिलिमीटरच्या नळ्या दोरात अडकून उपटल्या जातात आणि मालकाला ते दुसऱ्या दिवशी पाणी सोडल्यावर कळतं, म्हणून निघण्याआधी नळ्यांवरून नजर फिरवा. पहाटेच्या दवात हरभऱ्यात उतरलात तर पानांवरची आंब कापडाला लागते. नायलॉनला आम्ल चालत नाही; साध्या पाण्याने धुवून, सावलीत वाळवून रिगरला (छत्र्या तपासणाऱ्या तंत्रज्ञाला) दाखवल्याशिवाय ती छत्री पुन्हा भरू नका.

बाहेर पडताना सर्वात जवळचा धुरा गाठा, तोही ओळींच्या मधून. कुंपण वाकवू नका, फाटक जसं होतं तसं लावा. गाडी पांदणीवरच थांबली पाहिजे, आणि आत पायी फक्त दोन माणसांनी यावं. ओलित केलेल्या काळ्या मातीत जीप गेली की चाकोऱ्या पुढच्या वखरणीपर्यंत राहतात. पांदणीच्या तोंडाशी एक स्वयंसेवक उभा करून गर्दी थोपवा. शक्यतो त्याच गावचा, कारण पोरं त्याचं ऐकतात. वेचणी करणाऱ्या बायांचे किंवा मालकाचे व्हिडिओ काढू नका. नुकसान न होताही केवळ मोबाइलवरून पेटलेले वाद कमी नाहीत.

मालक समोर आला की आधी नमस्कार, नाव आणि कोणत्या शिबिरातून आलो ते सांगा. ‘काका, वाऱ्याने इकडे यावं लागलं. किती पीक लोळलं ते आपण दोघं मिळून पाहू’ एवढं वाक्य पुरतं. मालक नसेल तर गपचूप निघून जाऊ नका. सालगड्याला सांगा, फोटो काढा, नंबर ठेवा.

पैशांचा हिशेब अंदाजाने करणे

पाचशेची नोट पुढे करणं हा अपमान वाटतो, आणि घाबरून पाच हजार दिले तर तोच गावाचा भाव ठरतो. मोजून द्या. लांबी गुणिले रुंदी, टेपने. ६० चौरस मीटर गहू लोळला आणि एकरी १५ क्विंटल उतारा धरला, तर तोटा साधारण २२ किलोंचा. त्याला बाजार समितीतला चालू भाव लावा, तुडवलेली वाट वेगळी मोजून मिळवा आणि रक्कम वरच्या पूर्ण आकड्यात द्या. गर्दीने तुडवलेलं आयोजकाच्याच खात्यात धरा. त्यावर वाद घालू नका. फांदी, ठिबक, शेततळं किंवा जनावराला इजा असेल तर जागेवर आकडा बोलू नका. पटवारी किंवा कृषी सहायकाला बोलावून पंचनामा करा, दोन प्रती काढा, दोघांच्या सह्या घ्या. अशा वेळी त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा कामी येतो. शिबिराच्या पॉलिसीत तो आहे का हे आधीच वाचा; अनेक पॉलिसी फक्त उडी मारणाऱ्याच्या अपघातापुरत्या असतात.

वावरात उभं राहून कायदा सांगणे

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे फौजदारी अतिक्रमणासाठी गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. नाइलाजाने उतरणाऱ्याचा तो नसतो. पण निघा म्हटल्यावर हुज्जत घालत थांबलात तर चित्र बदलतं, आणि हेतू नसला तरी नुकसानीची दिवाणी जबाबदारी सुटत नाही. उलट बाजूने, कलम १२६ प्रमाणे कोणाला जाऊ न देता अडवून ठेवणं हाही गुन्हा आहे. दोन्ही बाजूंना हे माहीत असावं, पण शिवारात कलमं मोजायला लागलात की पंचनाम्याची शक्यता संपते.

शेतकऱ्यांनीही टाळायच्या गोष्टी

फुगलेली छत्री पकडायला धावू नका. दोर हाताभोवती आवळतात. उतरणारा हालत नसेल तर त्याला उचलू नका, मणक्याला इजा असू शकते. ११२ वर फोन करा. त्याच्या छातीजवळची हँडलं ओढून पाहू नका. त्यातल्या एकामुळे राखीव छत्रीची स्प्रिंग जोरात बाहेर उसळते आणि तोंडावर लागू शकते. तारेवर अडकलेलं कापड बांबूने काढू नका. किमान १० मीटर दूर राहून महावितरणला १९१२ वर कळवा, आणि वीज बंद झाल्याचं लाइनमनने सांगेपर्यंत कोणालाही जवळ जाऊ देऊ नका.

कधी माणूस न येता नुसती छत्रीच येते. मुख्य छत्री बिघडल्यावर ती सोडून दिलेली असते आणि वाऱ्याने दोन-तीन वावरं ओलांडते. ती कापून ताडपत्री करण्याआधी तिच्यासोबतच्या पिशवीवर नंबर आहे का पाहा. उडी मारणाऱ्यांनी मुख्य छत्रीच्या पिशवीवर आणि राखीव छत्रीच्या पिशवीवर पक्क्या शाईने, मराठीत, फोन नंबर लिहिलेला असलाच पाहिजे.

सामान अडवून ठेवलं तर

पैसे मिळेपर्यंत सामान देणार नाही, असं ऐकावं लागलं तर हिसकावू नका. पूर्ण संच काही लाखांचा असतो आणि झटापटीत दोर तुटतात. एक माणूस सामानाजवळ थांबवा, बाकीच्यांना बाहेर पाठवा. आयोजकाने स्वतः यावं, पोलीस पाटील किंवा सरपंचांना सोबत घेऊन. काय काय ठेवलंय त्याची यादी लिहून दोघांच्या सह्या घ्या, सामान सावलीत आणि कोरड्यात राहील एवढी विनंती करा, आणि मग मोजणी. तासाभरात काही ठरलं नाही तर पोलिसांना बोलवा; आल्यावर आधी पीक दाखवा, मग सामान. परत मिळालेल्या संचाची प्रत्येक पिन, हँडल आणि दोर रिगरने तपासेपर्यंत तो उडीला घेऊ नका.

भरपाई देऊनही मालक म्हणाला की पुन्हा इथे कोणी उतरायचं नाही, तर पुढच्या फेरीआधी तो गट क्रमांक लाल करा, उडीची रेषा त्यानुसार सरकवा आणि तसं केल्याचं त्याला त्याच दिवशी फोन करून सांगा.