फिशटँकसाठी घरगुती स्पंज फिल्टर: पाइपचा तुकडा, स्पंज आणि हवा

पाणी नितळ दिसलं की टँक स्वच्छ, ही समजूत आधी सोडा. माशांचा जीव घेणारा अमोनिया डोळ्यांना दिसतच नाही. घरी फिल्टर करणारे बरेच जण बाटली कापतात, तिच्यात फिल्टरचा कापूस ठासून भरतात, दोन दिवसांत पाणी लख्ख होतं आणि तरीही मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागतात. कचरा अडवणं हे फिल्टरचं दुय्यम काम. मुख्य काम म्हणजे जिवाणूंना बसायला जागा देणं आणि त्यांच्यापर्यंत प्राणवायू असलेलं पाणी सतत पोचवणं.

अमोनिया माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि तळाशी कुजणाऱ्या खाण्यातून येतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी. नायट्रेट त्यामानाने सौम्य, पाणी बदलताना ते निघून जातं. (नायट्राइट संपवण्याचं श्रेय बरीच वर्षं नायट्रोबॅक्टरला मिळायचं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात गोड्या पाण्याच्या टँकमध्ये ते काम नायट्रोस्पायराच्या जातकुळीतले जिवाणू करतात असं आढळलं.) कोणीही असोत, ही मंडळी मुख्यतः पृष्ठभागाला चिकटून वाढतात. म्हणून पाणी बदललं तरी ती वाहून जात नाहीत, आणि म्हणूनच स्पंजइतकी सोयीची जागा दुसरी नाही: आकार मुठीएवढा, पण आतल्या छिद्रांच्या भिंती मोजायला गेलात तर भरपूर.

माझा टँक ६० × ३० × ३६ सेंटिमीटरचा आहे. तिन्ही मापं गुणून हजाराने भागली की ६४.८ लिटर येतात, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की खरं पाणी ५५ लिटरच्या आसपास. पुढची सगळी मापं याच टँकची आहेत.

सामान थोडंच लागतं: २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, त्याची एक एंड कॅप (टोक बंद करणारं टोपण), एक एल्बो (काटकोनात वळलेला जोड), जाड छिद्रांचा फिल्टर स्पंज, एअर पंप, हवेची नळी आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप). स्पंज निवडताना तो ओठांना लावून फुंकून पाहा. हवा सहज आरपार गेली पाहिजे. दम लागत असेल तर छिद्रं फार बारीक आहेत, थोड्याच दिवसांत तुंबतील. भांडी घासायचे स्पंज मी वापरत नाही, कारण त्यांतल्या काहींना जंतुनाशक लावलेलं असतं, आणि आपल्याला तर जंतूच पाळायचे आहेत. गादीचा फोमही नको. त्याला काय काय फासलेलं असतं ते कळायला मार्ग नसतो.

स्पंजचा ठोकळा साधारण १० × १० × १२ सेंटिमीटरचा घ्या. सगळ्यात कटकटीचं काम म्हणजे त्याला मधोमध सरळ भोक पाडणं. कात्रीने ते कधीच नीट होत नाही, आत भगदाड पडतं आणि पाइप ढिला बसतो. त्याऐवजी त्याच पाइपचा वीतभर उरलेला तुकडा घ्या आणि त्याच्या एका टोकाची कड आतून काचपेपरने घासून धारदार करा. स्पंज ओला करून पिळा, फ्रीझरमध्ये कडक होईपर्यंत ठेवा, मग पाइपचं धारदार टोक त्यावर उभं धरून पिळत पिळत खाली न्या. दाबायचं कमी, फिरवायचं जास्त. स्पंज करकरत कापला जातो आणि शेवटी पाइपमध्ये अडकलेली गोल सुरळी काडीने ढकलून बाहेर काढता येते. असं पाडलेलं भोक पाइपला घट्ट धरून बसतं, चिकटवायला काही लागत नाही.

आता मुख्य पाइप. त्याची लांबी अशी ठेवा की वर एल्बो लावल्यावर एल्बोचं तोंड पाण्याच्या पातळीला अर्धं बुडेल. खालच्या टोकाला एंड कॅप. स्पंजमध्ये जाणाऱ्या भागाच्या खालच्या दोन-तृतीयांशातच ५ मिलिमीटरची भोकं पाडा, स्पंजच्या वर एकही नको, नाहीतर पाणी स्पंजला वळसा घालून थेट पाइपमध्ये शिरेल. भोकं किती, याचाही हिशोब आहे. पाइपचा आतला व्यास १६ मिलिमीटर धरला तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस मिलिमीटर. ५ मिलिमीटरच्या एका भोकाचं जेमतेम २०. म्हणजे दहा भोकांत बरोबरी होते. मी दुप्पट, वीस पाडतो, कारण काहींच्या तोंडावर स्पंज घट्ट बसून ती अर्धी बंद होतात. भोकांच्या कडांना राहिलेली कूस ब्लेडने काढून टाका.

एल्बोच्या पाठीवर, उभ्या पाइपच्या अगदी सरळ रेषेत, ६ मिलिमीटरचं भोक पाडा. हवेची नळी यातून आत जाते. नळीचं टोक सिलिकॉनने बुजवा, सिलिकॉन पूर्ण वाळू द्या आणि शेवटच्या दोन सेंटिमीटरला सुईने दहा-बारा टोचे मारा. एअर स्टोन (नळीच्या टोकाला लावायचा, बारीक बुडबुडे काढणारा सच्छिद्र दगड) इतक्या बारीक पाइपमध्ये पाण्याची वाट अडवतो, म्हणून हा खटाटोप. नळीचं टोक सगळ्यात वरच्या भोकाच्या किंचित वर ठेवा. त्याहून खाली नेलं तर बुडबुडे भोकांतून स्पंजमध्ये पळतात. फार वर ठेवलं तर पाणी चढत नाही. बुडबुड्यांनी भरलेलं पाइपमधलं पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा हलकं होऊन वर चढतं आणि त्याच्या जागी स्पंजमधून नवं पाणी ओढलं जातं. हे सगळं पाइपमधल्या बुडबुडेभरल्या पाण्याच्या उंचीवरच चालतं, त्यामुळे टँक जितका खोल तितकी ओढ चांगली.

पीव्हीसीचे जोड नुसते दाबून बसवा, सोल्यूशन (पाइप चिकटवायचा गोंद) लावू नका. धुताना सगळं सुटं करता आलं पाहिजे. तळाला वजन म्हणून एंड कॅपला सिलिकॉनने टाइलचा तुकडा लावला की झालं. सिलिकॉन बुरशीरोधक औषध नसलेलं घ्या आणि वास पूर्ण जाईपर्यंत पाण्यात टाकू नका.

एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. खाली ठेवायचाच असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर वीज गेली की टँकमधलं पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं. व्हॉल्व्हची दिशा फुंकून तपासा: पंपाच्या बाजूने हवा जायला हवी, टँकच्या बाजूने नको. वायरला प्लगच्या खाली झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत न जाता झोलावरून ठिबकेल.

प्रवाह मोजायला पातळ प्लॅस्टिकची पिशवी एल्बोच्या तोंडाला पाण्यातच धरा, सोळा सेकंद मोजा, पिशवी बंद करून मोजपात्रात ओता. एक लिटर भरलं तर तासाला २२५ लिटर, म्हणजे माझ्या ५५ लिटरच्या चौपट. तिप्पट असलं तरी चालतं. त्याहून कमी असेल तर पंप बदलण्याआधी नळीचे टोचे बघा. फायटरसारख्या माशांना उलट जोराचा प्रवाह सोसत नाही, त्यांच्यासाठी हवा थोडी कमी करा.

फिल्टर लावला म्हणजे लगेच मासे सोडायचे नाहीत. नव्या स्पंजमध्ये अजून कोणीच राहायला आलेलं नसतं. जिवाणूंची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. रिकाम्या टँकमध्ये तोवर रोज चिमूटभर खाणं टाकत राहा, म्हणजे ते कुजून अमोनिया तयार होतो. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, आणि नायट्रेट दिसायला लागलेलं, असं झालं की मासे आणा, तेही थोडे थोडे. घाई असेल तर एकच रास्ता: ज्यांचे मासे निरोगी आहेत अशा कोणाचा तरी जुना स्पंज मागून घ्या आणि तो तुमच्या टँकमध्ये पिळा. पाणी गढूळ होईल, होऊ द्या. आधीचा फिल्टर चालू असेल तर नवा त्याच्या शेजारी महिनाभर चालवून मगच जुना काढा.

धुण्यात मात्र लोक सगळं घालवतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारतं, त्यामुळे स्पंज नळाखाली कधीच धरू नका. पाणी बदलताना काढलेलं टँकचंच पाणी बादलीत घ्या. स्पंज वर उचलण्याआधी पाण्याखालीच त्याच्यावर पिशवी चढवा, नाहीतर अडकलेला सगळा गाळ परत टँकभर पसरतो. बादलीत दोन-तीनदा पिळा आणि थांबा. पिळलेलं पाणी तपकिरीच राहील. ते पांढरं होईपर्यंत घासायचं नाही. टँकमध्ये घालायच्या नव्या पाण्यात अँटिक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) टाका. बादली रात्रभर उघडी ठेवली की साधं क्लोरीन उडून जातं, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) तसं उडत नाही.

स्पंज किती दिवसांनी धुवायचा, हे कॅलेंडर बघून ठरवू नका. प्रवाह मोजायची पिशवी परत एल्बोच्या तोंडाला लावा. सोळा सेकंदांत अर्धा लिटरच भरायला लागला की धुवायची वेळ झाली. धुऊनही प्रवाह वाढत नसेल किंवा स्पंज दाबल्यावर पूर्ण फुगत नसेल तर तो बाद झाला. तेव्हा नवा स्पंज थेट जुन्याच्या जागी घालू नका, दोन्ही महिनाभर एकाच टँकमध्ये राहू द्या.