गवत कापणाऱ्या यंत्राची शर्यतगाडी: एका नवख्याने उलट्या क्रमाने केलेले काम

शर्यतीसाठी घेतलेल्या माझ्या पहिल्या मॉवरवर, म्हणजे गवत कापण्याच्या यंत्रावर, मी चार महिने राबलो आणि त्यांपैकी तीन महिने केवळ इंजिनात घालवले. हा क्रम उलटा होता, हे पहिल्याच चाचणीच्या दिवशी तिसऱ्या वळणावर कळले. स्टीअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवूनही पुढची चाके सरळच राहिली आणि ब्रेकचे पेडल तळाला टेकूनही वेग फारसा कमी झाला नाही. मैदानाच्या कडेच्या उंच गवतात मी उडून पडलो. माझ्या मनगटाला बांधलेली दोरी ओढली गेल्यामुळे इंजिन तेवढे बंद पडले. ती दोरीदेखील मी नियमावलीत सक्ती होती म्हणूनच लावली होती. मनगट आठवडाभर सुजले, यापलीकडे काही झाले नाही. ज्यांना मॉवरच्या शर्यतींच्या या खेळात उतरायचे आहे, त्यांनी कोणते काम आधी हाती घ्यावे आणि का, हे सांगण्यासाठी पुढील अनुभव लिहीत आहे.

या खेळाचा जन्म १९७३ मध्ये ब्रिटनमधील वेस्ट ससेक्स परगण्यातल्या विझबरो ग्रीन या गावी झाला. मोटारशर्यतींचा खर्च न परवडणाऱ्या काही हौशी मंडळींनी तेथील क्रिकेटर्स आर्म्स या पबमध्ये बसून, घरोघरी असलेले स्वस्त इंजिन कोणते याचा विचार केला आणि उत्तर समोरच्या हिरवळीवर सापडले. त्यातून उभ्या राहिलेल्या ब्रिटिश संघटनेने प्रायोजक आणि रोख बक्षिसे कटाक्षाने दूर ठेवली. तिच्या बारा तासांच्या शर्यतीत स्टर्लिंग मॉससारखा मोटारशर्यतींतला नामांकित चालकही उतरला आणि जिंकला. अमेरिकेतील संघटना १९९२ मध्ये स्थापन झाली. नियम सर्वत्र सारखे नाहीत, पण यंत्र मुळात गवत कापण्यासाठीच तयार झालेले असावे, पाती काढलेली असावीत आणि चालक पडताक्षणी इंजिन बंद व्हावे, या तीन अटींवर तडजोड होत नाही. म्हणून आपण कोणत्या गटात उतरणार हे ठरवून त्या गटाची नियमावली शब्दशः वाचल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नये. ब्रिटनमध्ये मागे धावत ढकलण्याच्या यंत्रांचा, रोलरवर चालणाऱ्या आणि मागे आसन जोडलेल्या यंत्रांचा, बसून चालवण्याच्या छोट्या यंत्रांचा आणि बॉनेट असलेल्या ट्रॅक्टरवजा यंत्रांचा असे वेगवेगळे गट आहेत. एका गटात चालणारा बदल दुसऱ्या गटात अपात्र ठरवू शकतो. मी शेवटच्या प्रकारातले यंत्र घेतले आणि पुढचे सर्व विवेचन त्याच प्रकाराला धरून आहे.

यंत्र निवडताना इंजिन किती ताजे आहे याकडे सगळ्यांचे लक्ष जाते, आणि माझेही गेले. वास्तविक पाहायचे ते गिअरबॉक्सकडे. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा गिअरबॉक्स असलेले यंत्र घरच्या कामाला सुखाचे असते, परंतु त्याचा वेग तेलाच्या प्रवाहाने बांधलेला असतो आणि जास्त फिरवल्यास तो तापतो. शर्यतीसाठी हाताने गिअर बदलायचा, पट्ट्यावर चालणारा जुना गिअरबॉक्सच हवा. त्याखालोखाल चासी, म्हणजे यंत्राचा सांगाडा पाहावा. पत्रा गंजून कागद झालेला नसावा आणि पुढच्या ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) आधाराजवळ तडे नसावेत. विक्रेत्याने मला ‘इंजिन नुकतेच बांधले आहे’ असे सांगितले होते. ते खरे की खोटे याने पुढे काहीच फरक पडला नाही, कारण अडचण तिथे नव्हतीच.

पाती, त्यांचे कव्हर आणि त्यांना फिरवणाऱ्या पुल्या काढून टाकणे हे पहिले काम आणि ते एका दुपारी होते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ढकलण्याच्या छोट्या यंत्रांत फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाची गती टिकवून ठेवणारे चाक, हलके असते आणि पातेच त्याचे उरलेले काम करते, त्यामुळे नुसते पाते काढल्यास इंजिन सुरू होताना उलटे झटके देते. बसून चालवण्याच्या यंत्रांत ही अडचण नसते.

पुढच्या ॲक्सलचे काम मात्र सावकाश करावे. उंचसखल जमिनीवर चारही चाके टेकावीत म्हणून कारखान्यातून हा ॲक्सल मध्यभागी एकाच खिळीवर झुलता ठेवलेला असतो. गवत कापताना तो गुण आहे, पण वेगाने वळताना यंत्राचा पुढचा भाग आधाराशिवाय कलंडू लागतो आणि चार चाकांचे यंत्र तीनचाकीसारखे वागते. नियमात बसत असेल तर दोन्ही बाजूंना थांबे वेल्ड करून हा झोका अगदी थोडा ठेवावा किंवा पूर्ण बंद करावा. चाकांतले प्लास्टिकचे किंवा पितळी बुश (आसावर बसणाऱ्या साध्या नळ्या) काढून तेथे बॉल बेअरिंग बसवावीत, कारण ते बुश चालण्याच्या वेगासाठी केलेले असतात.

माझा घात केला तो स्टीअरिंगने. या यंत्रांत स्टीअरिंगच्या दांड्याच्या टोकाशी एक छोटे दातेरी चक्र असते आणि ते पंख्याच्या आकाराच्या एका दातेरी पट्टीला फिरवते. पट्टी दाबलेल्या पत्र्याची असल्यामुळे वर्षानुवर्षांच्या वापराने दात गोल होतात आणि स्टीअरिंगला चांगलाच ढिलेपणा (प्ले) येतो. अपघातानंतर मी ती पट्टी काढून उजेडात धरली, तेव्हा मधल्या चार दातांची शेंडी घासून पार गुळगुळीत झालेली दिसली. बाजूला जोर आला तेव्हा चक्र त्या दातांवरून उडी मारून पुढे गेले होते. मी ती पट्टी एकदाही उघडून पाहिली नव्हती, कारण हळू चालवताना ती ठीक वाटत होती. आता मी दातेरी जोडणी पूर्ण काढून गो-कार्टसारखी (छोट्या शर्यतगाडीसारखी) थेट दांड्यांची रचना करतो, दोन्ही टोकांना फिरते रॉड एंड (गोल सांधे) बसवतो आणि प्रत्येक नट धक्क्याने सैल न होणारा लॉकनटच वापरतो. दोन्ही पुढच्या चाकांच्या पुढच्या कडांमधले अंतर आणि मागच्या कडांमधले अंतर ॲक्सलच्या उंचीवर टेपने मोजून, ही दोन अंतरे एकमेकांशी दोन-तीन मिलिमीटरच्या आत जुळवावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे, पण यंत्र सरळ रेषेत धरण्यासाठी इतके स्वस्त साधन दुसरे नाही.

ब्रेकची गोष्ट त्याहून फसवी आहे. कारखान्याचा ब्रेक चाकावर नसून गिअरबॉक्सच्या एका शाफ्टवर असतो, म्हणजे त्याचा जोर डिफरन्शिअलमधून (दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचातून) मागच्या चाकांपर्यंत जातो. वळणात आतले मागचे चाक उचलले गेले की डिफरन्शिअल आपले काम करते, उचललेले चाक उलटे फिरते आणि जमिनीवरच्या चाकाला ब्रेक लागतच नाही. मला ते वळणातच भोगावे लागले. यावर उपाय म्हणजे डिफरन्शिअल कुलूपबंद करणे किंवा मागे अखंड ॲक्सल टाकून त्यावर गो-कार्टचा डिस्क ब्रेक बसवणे. दुसरा उपाय खर्चिक आहे, पण माझ्या मते तोच करावा.

यंत्र खाली बसवणेही याच टप्प्यात येते. चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले, तर यंत्र किती बाजूच्या जोरावर उलटेल याचा अंदाज मिळतो. नव्वद सेंटिमीटर अंतर आणि साठ सेंटिमीटर उंची असेल तर हा आकडा ०.७५ येतो, म्हणजे वजनाच्या पाऊणपट जोर बाजूने आला की यंत्र उलटते. उंची पंचेचाळीसवर आणली की तो १ होतो. यंत्र आधी घसरावे, उलटू नये, एवढेच साधायचे असते. सपाट गवतावर ते बहुधा साधते, खड्ड्यात चाक अडकले की नाही. गुरुत्वमध्यात चालकही धरलेला असतो, म्हणून आसनाची उंची कमी करणे हा सर्वांत सोपा लाभ आहे.

वेगासाठी इंजिनाला हात लावण्याची गरज नसते, हे मला कोणी आधी सांगितले असते तर माझे तीन महिने वाचले असते. इंजिन मिनिटाला ३६०० फेरे फिरते, त्याच्यावर तीन इंची पुली आहे आणि गिअरबॉक्सवर सहा इंची, असे धरा. गिअरबॉक्सकडे १८०० फेरे जातात. वरच्या गिअरला गिअरबॉक्स वीस पट कमी करत असेल तर अठरा इंची चाक मिनिटाला ९० वेळा फिरेल, म्हणजे ताशी साधारण ८ किलोमीटर. आता इंजिनावर सहा इंची आणि गिअरबॉक्सवर तीन इंची पुली टाकली, तर तेच इंजिन, त्याच फेऱ्यांवर, ताशी ३१ किलोमीटर देते. जोर मात्र त्याच प्रमाणात घटतो, त्यामुळे दोन टोकांच्या मधली जोडी निवडावी लागते. शिवाय दोन्ही शाफ्टची जाडी वेगळी असते, तेव्हा पुल्या नुसत्या अदलाबदल करून बसत नाहीत. योग्य भोकाच्या आणि योग्य खाचेच्या पुल्या लेथवर करून घ्याव्या लागतात. लहान पुलीवर पट्ट्याची पकड कमी होते, म्हणून ताण देणारी पुली आणि पट्टा घसरू न देणाऱ्या खुंट्या पुन्हा जुळवाव्यात. गिअरबॉक्समधले जुने ग्रीस काढून नवे भरावे, कारण आता तो मूळ वेगाच्या कितीतरी पुढे फिरणार असतो.

गव्हर्नर काढण्याचा मोह प्रत्येकाला होतो. गव्हर्नर इंजिनाला साधारण ३६०० फेऱ्यांवर रोखून धरतो आणि त्याला कारण आहे. फिरणाऱ्या फ्लायव्हीलवरचा ताण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे फेरे दीडपट केले की ताण सव्वादोनपट आणि दुप्पट केले की चौपट होतो. ओतीव फ्लायव्हील त्या ताणाने फुटू शकते आणि त्याचे तुकडे चालकाच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावरून उडतात. पिस्टनला जोडलेला ॲल्युमिनियमचा ओतीव कनेक्टिंग रॉडही तुटतो. शिवाय कित्येक इंजिनांत तेलाचा पंप नसतो, रॉडच्या टोकाची पळी तेल उडवते, आणि लांब वळणात तेल एका बाजूला गेले की ती पळी कोरडीच फिरते. गटाच्या नियमांत परवानगी असेल तरच, अखंड धातूतून कापलेले फ्लायव्हील, मजबूत रॉड आणि कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग आधी बसवून, मग गव्हर्नरला हात लावावा. मी ते केले ते तिसऱ्या हंगामात.

शेवटी त्या दोरीविषयी. मोटारीत ठिणगीला वीज पुरवणारी वायर तोडली की इंजिन थांबते. मॅग्नेटोच्या, म्हणजे फिरत्या चुंबकातून स्वतःच ठिणगी तयार करणाऱ्या इंजिनात याच्या बरोबर उलट असते. येथे ठिणगी थांबवण्यासाठी मॅग्नेटोची वायर चासीशी जोडावी लागते आणि दोरी ओढली गेली की स्विच नेमके तेच करतो. याचा अर्थ असा की धक्क्याने ती वायर निसटली किंवा चासीवरचे टोक रंगामुळे नीट टेकले नाही, तर काहीच कळत नाही, इंजिन छान चालत राहते आणि दोरी ओढली तरी थांबत नाही. म्हणून मी चासीवरच्या जोडणीखालचा रंग खरवडून उघडा धातू ठेवतो आणि वायरला वळणाजवळ ढील देतो. प्रत्येक वेळी मैदानात उतरण्यापूर्वी, यंत्र न्यूट्रलमध्ये उभे असताना, सोबतच्या माणसाला दोरी ओढायला सांगतो. एकदा इंजिन थांबले नाही. स्विचमागची क्लिप निघाली होती, आणि त्या दिवशी मी पहिली फेरी सोडून देऊन यंत्राखाली आडवा झालो.